‘टू’ लावावा की ‘इंग’?



परवा दिवेलागणीला आमच्या वाडीतली एक लेक दारात येऊन उभी राहिली. हातात अर्ज. म्हणाली, “गुरुजी, नर्सिंगच्या कोर्सला पाठवायचाय. इंग्रजी तेवढं नजरेखालून घाला.”

पोर गुणाची. आई अंथरुणाला खिळली तेव्हा हिनं दोन वर्षं शाळा सोडली. धारा, भाकरी, दवाखाना, सगळं एकटीनं ओढलं. आई हिंडू-फिरू लागली तशी पुन्हा पुस्तक हाती धरलं आणि बारावी काढली. हे सगळं तिनं अर्जात एका वाक्यात घातलं होतं : ‘आय स्टॉप्ड टू स्टडी.’

मी विचारलं, “पोरी, तुला काय सांगायचंय?”

“शिक्षण थांबवलं, असं.”

“पण वाचणारा समजेल, ही अभ्यास करायला थांबली. म्हणजे अगदी उलटं!”

पोरगी गोंधळली. “एवढ्याशा ‘टू’नं?”

मग मी तिला मराठीतच सांगितलं. तुझा बाप रानातून येताना चहा प्यायला थांबला, म्हणजे चहा पोटात गेला. आणि तुझा बाप चहा प्यायचा थांबला, म्हणजे चहा सुटला. ‘ला’ आणि ‘चा’, फरक एका अक्षराचा; पण घरात कुणाची गल्लत होते का? इंग्रजीतही तसंच आहे. ‘स्टॉप्ड टू ड्रिंक टी’ म्हणजे चहा प्यायला थांबला. ‘स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’ म्हणजे चहा बंद केला.

आता दुसरा दाखला घ्या. ‘रिमेंबर टू स्विच ऑफ द मोटर’ म्हणजे मोटर आठवणीनं बंद कर. काम अजून व्हायचंय. ‘आय रिमेंबर स्विचिंग ऑफ द मोटर’ म्हणजे मोटर बंद केल्याचं मला आठवतंय. काम होऊन गेलं. रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याला हा फरक समजावून सांगायला नको!

यामागं कारण आहे. ‘टू’ हा मुळात दिशा दाखवणारा शब्द. ‘गो टू स्कूल’ म्हणजे शाळेकडे जा. क्रियापदाआधी आला तरी बहुतेक वेळा त्याचं तोंड पुढंच असतं. म्हणून इच्छा, आशा, बेत, वचन यांच्यामागं ‘टू’ येतो. वॉन्ट, होप, डिसाइड, प्लॅन, प्रॉमिस ही त्याची घरची माणसं. हरभरा पेरायचं ठरवलं : ‘वुई डिसायडेड टू सो ग्राम.’ आणि जे चालू आहे, होऊन गेलं किंवा सोडून दिलं, तिथं बहुधा ‘इंग’. एन्जॉय, फिनिश, कीप, गिव्ह अप, अव्हॉइड ही त्याची मंडळी. काढणी उरकली : ‘वुई फिनिश्ड हार्वेस्टिंग.’ लाइक, स्टार्ट, बिगिन यांना मात्र दोन्ही चालतात.

पण भाषा म्हणजे काही दोरी धरून आखलेली सरी नव्हे. सजेस्ट आणि पोस्टपोन यांचं काम पुढचं, तरी त्यांना ‘इंग’च लागतो. असे चार-दोन हट्टी शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून पाठच करावेत.

अर्ज लिहिणाऱ्यांनी आणखी एक खड्डा ध्यानात ठेवावा. शेवटी आपण लिहितो, ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’, म्हणजे आपल्या उत्तराची वाट पाहतो. इथं ‘टू’ आहे म्हणून पुष्कळ जण नुसतं ‘हिअर’ लिहितात. ते चूक. पारख सोपी आहे. ‘टू’नंतर एखादं नाम बसवून पाहा. ‘लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ ठाकठीक बसतं ना? मग तिथं क्रियापद आलं तर त्याला ‘इंग’ लावायचा. तसंच ‘इन’, ‘फॉर’, ‘ऑफ’ यांच्यामागंही ‘इंग’च : ‘थँक यू फॉर कमिंग.’

आयाबापांना एक सांगणं. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. “आम्हाला कुठं येतं इंग्रजी?” म्हणून बाजूला बसू नका. पोर ‘टू’ आणि ‘इंग’मध्ये अडलं, तर एवढंच विचारा : “बाळा, हे काम व्हायचंय, की झालंय-चाललंय?” निम्म्याहून जास्त गाठी तिथंच सुटतील. हा प्रश्न विचारायला इंग्रजी लागत नाही.

त्या लेकीनं वाक्य पुन्हा लिहिलं : ‘आय स्टॉप्ड स्टडीइंग टू लुक आफ्टर माय मदर.’ आईला सांभाळायला शिक्षण थांबवलं. पाहा, एकाच वाक्यात ‘इंग’ही आला आणि ‘टू’ही, दोघं आपापल्या जागी. जे थांबवलं त्याला ‘इंग’, ज्यासाठी थांबवलं त्याला ‘टू’. आधी जे वाक्य तिच्याविरुद्ध बोलत होतं, तेच आता तिची बाजू मांडायला उभं राहिलं.

आता तुमच्यासाठी घरचा अभ्यास. आज जेवणं झाल्यावर मुलांना ही दोन वाक्यं इंग्रजीत करायला सांगा : ‘तो बिडी ओढायला थांबला’ आणि ‘त्यानं बिडी ओढणं थांबवलं’. दुसरं वाक्य घरातल्या कर्त्या माणसांनीही मनावर घ्यावं!

बरं तर, पुढच्या आठवड्यात भेटू.