रूप पाहू नका, पत्ता वाचा

अजिंठ्याच्या सहलीला गेलात तर 26 क्रमांकाच्या लेण्यात जरा थांबून छताकडे पाहा. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील हे चैत्यगृह. कमानदार छताला ओळीने फासळ्या आहेत. लाकडी वासेच छत तोलून धरीत आहेत, असे वाटते. प्रत्यक्षात सारे एकाच खडकातून कोरलेले आहे, आणि छताचा भार त्या फासळ्यांवर मुळीच नाही. जुन्या लाकडी बांधणीचे रूप तेवढे शिल्पकारांनी दगडात उतरविले. तेथे कोणाला फसविण्याचा हेतू नव्हता. पण रूप वेगळे आणि कार्य वेगळे, हे तेथे स्पष्ट दिसते.

ई-मेल वाचताना हाच भेद विसरला जातो. ‘तुमचे खाते आज रात्री बंद होईल, खालील दुव्यावर माहिती भरा’ असे पत्र पैशांची देवघेव करणाऱ्या एखाद्या नामांकित सेवेच्या नावाने येते. बोधचिन्ह तेच, रंगही तेच. पण या गोष्टींची नक्कल कोणीही करू शकतो. पाठविणाऱ्याचे नावही पाकिटावरच्या नावासारखेच. लिहिणारा वाटेल ते लिहू शकतो.

‘शुद्धलेखनाच्या चुका शोधा, म्हणजे खोटे पत्र ओळखता येईल’, असे अजूनही शिकविले जाते. माझ्या मते हा सल्ला आता सोडून द्यावा. आज यंत्रेच निर्दोष मराठी लिहून देतात. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावरही विसंबू नये. वाटेत कोणी मजकूर वाचू शकत नाही, एवढेच ते सांगते. पलीकडे साव बसला आहे की चोर, हे सांगत नाही.

मग पाहावे काय? पत्ता. 2000 साली ‘पेपाल’ या सेवेच्या नावातील शेवटच्या ‘एल’ऐवजी मोठ्या लिपीतील ‘आय’ घालून बनावट संकेतस्थळ उभारले गेले. पडद्यावर दोन्ही अक्षरे सारखीच दिसत. म्हणून पत्रातील दुवा न दाबता अधिकृत ॲप उघडावे किंवा पत्ता स्वतः टंकावा. पत्ता तपासायचाच झाला तर पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग उजवीकडून डावीकडे वाचावा. ‘माझीबँक डॉट तपासणी डॉट कॉम’ या पत्त्याचा मालक ‘तपासणी डॉट कॉम’ आहे. पुढचे ‘माझीबँक’ म्हणजे नुसती कोरीव फासळी! रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये भारतीय बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ हा राखीव पत्ता घेण्यास सांगितले, ते याच कारणासाठी.

आता तुम्ही म्हणाल, शिकलेली माणसेही फसतातच ना? फसतात, कारण अशा पत्राचे खरे हत्यार घाई हे आहे. घाबरलेले मन तपासणी करीत नाही. म्हणून फसलेल्याला हसू नका. हसण्याच्या भीतीने माणूस गप्प बसतो आणि तेवढ्या वेळात पैसे पुढे सरकतात. त्याला ताबडतोब 1930 या क्रमांकावर तक्रार करायला लावा आणि बँकेला कळवायला सांगा.

शिक्षकांना एक विनंती आहे. पत्ता वाचण्यासाठी वर्गात एक तास द्यावा. घरातील वडीलधारी मंडळी मोबाईल मुलांच्याच हाती देऊन ‘हे बघ रे काय आलंय’ म्हणतात. त्या वेळी मुलाला पत्ता वाचता आला, तर घरची पुंजी वाचेल.