विमानतळ आला, रेडिओचे मनोरे उतरले

इक्वेडोरची राजधानी क्वीटो. उंची सुमारे 2,800 मीटर. तिथं 25 डिसेंबर 1931 ला एचसीजेबी हे ख्रिस्ती प्रचाराचं रेडिओ केंद्र सुरू झालं. ट्रान्समीटर 200 वॅटचा, म्हणजे घरातल्या मिक्सरपेक्षाही कमी. देशात रेडिओ संच मोजकेच, तेव्हा ऐकणार कोण? पण केंद्रानं स्पॅनिशबरोबर डोंगरातल्या लोकांची केचुआ भाषाही धरली.

पुढं पॉवर वाढवली तर विरळ हवेत अँटेनाच्या टोकांना ठिणग्या उडून टोकं वितळायला लागली. इंजिनिअर क्लॅरेन्स मूर यांनी मग तारेची चौकोनी अँटेना काढली. ती आजही हौशी रेडिओवाले वापरतात.

नंतर पिफो इथं मोठे मनोरे उभे राहिले, तिथूनही आवाज परदेशात जात होता. जवळच नवा विमानतळ आखला गेला आणि मनोरे विमानांच्या वाटेत आले. 2009 मध्ये पिफोचं प्रसारण थांबलं. विमानतळ 2013 ला सुरू झाला. मात्र सगळा दोष विमानतळाच्या माथी मारून चालणार नाही. शॉर्टवेव्हचं वीजबिल मोठं, आणि परदेशातले श्रोते इंटरनेटकडं वळलेले.

रेंज नसलेल्या वाडीला इंटरनेट सांगून काय उपयोग? केचुआ कार्यक्रम त्यानंतरही पिचिंचा डोंगरावरच्या लहान ट्रान्समीटरवरून चालू राहिले.