मानधनातलं धन

मराठीत 'मानधन' नावाचा एक मोठा फसवा शब्द आहे. त्यातला 'मान' शालीच्या रूपाने खांद्यावर पडतो आणि 'धन' वाटेतच कुठेतरी उतरून जातं. हातात उरतो नारळ. माझं अक्षर बरं आहे ही बातमी गावभर झाल्यापासून आमच्या घरी नारळ विकत आणावा लागलेला नाही. पण विजेचं बिल नारळावर भरून घेत नाहीत.

माझं म्हणणं साधं आहे. ज्याच्या हातात कला आहे त्याने तिचे पैसे घ्यावेत, आणि ज्याला ती हवी आहे त्याने ते कुरकुर न करता द्यावेत. एवढं म्हटलं की आम्हा मध्यमवर्गीयांच्या पोटात दुखतं. 'अहो, कलेचे कसले पैसे? ती तर सरस्वती!' असेल बुवा. पण सरस्वतीच्या भक्ताकडेही दूधवाला लक्ष्मीच मागतो.

नळ गळायला लागला की प्लंबर येतो, दहा मिनिटं खुडबुड करतो आणि सांगेल तो आकडा आपण निमूट मोजतो. त्याला कुणी 'तुझं नाव होईल हं' असं सांगत नाही. मानपत्राला मात्र माझे दोन रविवार जातात. मजकूर बसवायचा, ओळी आखायच्या, बोरू तासायचा, आणि शेवटच्या ओळीत शाईचा थेंब पडला की कागद पुन्हा पहिल्यापासून. यावर मंडळी म्हणतात, 'तुम्हाला काय, हातचा मळ!' हा मळ हाताला बसायला तीस वर्षं लागली, ती कुणी मोजत नाही.

माझं एक वेळ सोडा, मला पेन्शन आहे. आमच्या शेजारच्या वहिनींचं काय? गणपतीत त्यांच्याकडे शंभर-शंभर उकडीचे मोदक सांगून जातात आणि वर म्हणतात, 'सामानाचे पैसे देऊ हं! तुम्ही काय, घरीच असता.' सामानात नारळ येतो, गूळ येतो, तांदळाची पिठी येते. गरम उकड मळताना भाजलेली बोटं सामानात येत नाहीत. बाईच्या हाताला चव असली की ती चव सगळ्या सोसायटीच्या मालकीची, असा आपल्याकडे अलिखित कायदाच आहे.

'पैसे घेतले की छंदातला आनंद जातो,' असं सांगणारेही पुष्कळ आहेत. हे बहुधा महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारे असतात. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि राजेरजवाड्यांच्या मर्जीवर जगणारं गाणं तिकीट काढून बसलेल्या श्रोत्यांपुढे नेलं. गाणं बाटलं नाही, उलट गवयाची मान ताठ झाली. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, त्याचं 'लिज्जत' झालं. पापड लाटणं त्या काळी घरोघरच्या बायकांना येत होतं. या सातजणींनी त्याला किंमत लावली, एवढाच फरक.

फुकट देण्याला माझा विरोध नाही. शेजारच्या आजींच्या पंचाहत्तरीला मी आपणहून मानपत्र लिहिलं आणि चहासुद्धा स्वतःच्या घरी प्यालो. पण फुकट द्यायचं की नाही हे देणाऱ्याने ठरवायचं. घेणाऱ्याने ते गृहीत धरलं, की त्याला दान म्हणत नाहीत, वेठ म्हणतात.

तेव्हा कलावंतांनो, आणि वहिनी, तुम्हीसुद्धा, दर आधी सांगा. निम्मे पैसे आगाऊ घ्या. 'आपल्याच घरचं कार्य' म्हणणाऱ्याला हळूच विचारा, मांडववालाही घरचाच आहे का? तोंडाने आकडा सांगायला जीभ अडखळत असेल तर दरपत्रक लिहून दारावर लावा. अक्षर वळणदार हवं असेल तर खुशाल माझ्याकडे या.

येताना माझा दर तेवढा विचारून या.