थंड लेझर आणि आपला खिसा

आई-बाबा भारतातून इकडे राहायला आले की महिन्याभरात गुडघ्यांचा विषय निघतोच. मग कोणीतरी सुचवते, "अहो, आमच्या कायरोप्रॅक्टरकडे कोल्ड लेझर आहे, काकूंना घेऊन जा." तिथे गेल्यावर कळते की दहा-बारा बैठकींचे पॅकेज आहे आणि पैसे आगाऊ भरायचे आहेत. या उपचाराला थोतांड म्हणून झटकू नये, पण पॅकेजही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९६७ साली बुडापेस्टच्या डॉ. एन्द्रे मेस्टर यांनी केस काढलेल्या उंदरांवर सौम्य रुबी लेझर सोडला. त्याने कॅन्सर होतो का, हे त्यांना पाहायचे होते. कॅन्सर झाला नाही, उलट केस लवकर उगवले! हा लेझर कापत नाही की भाजत नाही. पेशींमधील मायटोकाँड्रिया हा प्रकाश शोषून घेतात आणि त्यातून पेशींना ऊर्जा मिळते, असे मानले जाते.

पुरावा काय? २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये १६ चाचण्यांचा आढावा आला. जुनाट मानदुखीत उपचारानंतर २२ आठवड्यांपर्यंत आराम दिसला. कॅन्सरच्या उपचारात तोंड येते, ते टाळण्यासाठीही काही रुग्णांना लेझरची शिफारस केली जाते. २०१७ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जुनाट कंबरदुखीच्या उपचारांत त्याला जागा दिली, पण पुरावा कमी दर्जाचा आहे हेही नमूद केले. गुडघ्यांबाबत निष्कर्ष एकसारखे नाहीत. तरंगलांबी आणि मात्रा यांवर बरेच अवलंबून असते.

जाहिरातीत 'एफडीए क्लिअर्ड' असे ठळक छापलेले असते. त्याचा अर्थ बहुधा एवढाच, की हे यंत्र आधीपासून बाजारात असलेल्या यंत्राशी मिळतेजुळते आहे. तुमच्या आईचा गुडघा बरा होईल, अशी ती हमी नव्हे.

आता पैशांचे. अनेक विमा कंपन्या हा उपचार 'प्रायोगिक' ठरवून बिल नाकारतात. व्हिजिटर विम्यात तर जुने दुखणे बहुधा वगळलेलेच असते. म्हणून आधी डॉक्टरांकडून निदान करून घ्यावे, विमा कंपनीचे उत्तर लेखी मागावे आणि पैसे दर बैठकीला द्यावेत. चार-पाच बैठकींत फरक पडला नाही, तर थांबावे. गर्भवतींनी व कॅन्सरच्या रुग्णांनी स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उपचार घेऊ नये. उपचाराच्या वेळी डोळ्यांना चष्मा हवाच. मधुमेही माणसाच्या पायाची जखम भरत नसेल, तर लेझर शोधत बसण्यात वेळ घालवू नये, तातडीने डॉक्टर गाठावा.

आणि व्यायाम? फिजिओथेरपिस्टने शिकवलेले मांडीचे व्यायाम घरच्या घरी करता येतात, त्यांना पॅकेज लागत नाही. लेझर हा फार तर त्यांचा जोडीदार होऊ शकतो. आई-बाबांचा गुडघा आणि आपली कमाई, दोन्ही जपायला हवीत.