दांतावरची पकड

श्रावणांतील तिसऱ्या सोमवारीं आम्ही त्र्यंबकेश्वरीं एका आप्तांच्या घरीं उतरलों होतों. ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करून मंडळी नुकतीच परतली होती. ओटीवर यजमानांची वर्दळ होती आणि माजघरांत फराळाचीं पानें मांडलीं जात होतीं. त्या गडबडींत घरांतील चौदा वर्षांची मुलगी देवघराच्या दाराआड रडत बसलेली आमच्या दृष्टीस पडली. जवळ बसवून विचारतां कळलें, कीं तिच्या वरच्या सुळ्यावरचें ब्रॅकेट चिकी खातांना निघालें, त्यास तीन आठवडे झाले. बोलणीं बसतील या भयानें तिनें तें कोणास सांगितलें नाहीं; आणि मोठ्या प्रयासानें ओळींत आलेला तो दांत पुनः बाजूस सरकूं लागला होता.

आजींच्या कानीं ही गोष्ट गेली तेव्हां त्या म्हणाल्या, “देवळाचे चिरे पेशव्यांच्या वेळेपासून हलले नाहींत, आणि एवढे पैसे मोजून चिकटवलेली ही टिकली चार महिने टिकूं नये? डॉक्टरांस चांगला मसाला मिळत नाहीं काय?”

प्रश्न विचार करण्यासारखा आहे. नानासाहेब पेशव्यांनीं इ. स. १७५५ मध्यें आरंभिलेलें व १७८६ मध्यें पुरें झालेलें तें देऊळ आजींच्या डोळ्यांसमोर जन्मभर उभें आहे. परंतु दांताची गोष्ट निराळी आहे, ती कशी तें पाहूं.

दांतावरील कवचास एनॅमल म्हणतात. वजनानें त्याचे शेंकडा सुमारें ९६ भाग खनिज असतात. शरीरांत त्याहून कठीण दुसरें कांहीं नाहीं. पण तें गुळगुळीत व सदा ओलें असल्यामुळें त्यावर कांहीं चिकटून राहत नसे. म्हणून पूर्वीं प्रत्येक दांताभोंवतीं धातूची पट्टी बसवावी लागे. १९५५ सालीं अमेरिकेंतील मायकेल बुओनोकोर यांनीं दांतावर ३० सेकंद फॉस्फरिक आम्ल लावून पाहिलें, तेव्हां त्यावरील राळ कितीतरी अधिक काळ टिकली. ही युक्ति त्यांस धातूला रंग बसावा म्हणून कारखान्यांत होणाऱ्या क्रियेवरून सुचली. १९६५ मध्यें जॉर्ज न्यूमन यांनीं याच मार्गानें ब्रॅकेटें थेट दांतांवर चिकटविल्याचें प्रसिद्ध केलें.

आमच्या वाचक भगिनींस हें नवें वाटूं नये. पाटा गुळगुळीत झाला म्हणजे वाटण सरकतें, म्हणून आपण त्यास टाकी लावून घेतों. आम्ल दांतास तशीच टाकी लावतें. मात्र हे खळगे मिलिमीटरच्या हजारांश मापाचे असतात. त्यांत पातळ राळ शिरते, निळ्या प्रकाशानें कठीण होते आणि रुतून बसते. सारी पकड या रुतण्याची आहे. टाकी लागल्यावर दांतास लाळ शिवली तर खळगे बुजतात व पकड ढिली होते. डॉक्टर कापूस ठेवून “तोंड मिटूं नको” म्हणून बजावतात तें यासाठीं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत कांहीं गांवच्या पाण्यांत फ्लोराइड फार असतें. तसलें पाणी पिऊन वाढलेल्यांच्या दांतांवर टाकी नीट लागत नाहीं, म्हणून तें डॉक्टरांस आधींच सांगावें.

आतां बळाची गोष्ट. दर चौरस सेंटिमीटरास ६० ते ८० किलो इतकें बळ नित्याच्या कामास पुरे, असें रेनॉल्ड्स यांनीं १९७५ मध्यें मांडलें, व आजही तोच दाखला देतात. ब्रॅकेटचें बूड चौरस सेंटिमीटरच्या सुमारें दहाव्या हिश्श्याएवढें. म्हणजे एका ब्रॅकेटमागें सहा ते आठ किलो. जागा करण्यासाठीं काढलेल्या दाढांवर ब्रॅकेटें चिकटवून, तीं सुटेपर्यंत यंत्रानें रेटून, दंतमहाविद्यालयांतून हें बळ मोजतात.

मग याहून बळकट मसाला कां नको? चिरा कायमचा बसवावयाचा असतो. ब्रॅकेट दीड-दोन वर्षांनीं काढावयाचें असतें. चिकटण फाजील बळकट असेल तर काढतांना त्याबरोबर एनॅमलचा कपचाही निघेल. एनॅमल घडविणाऱ्या पेशी दांत उगवतांच नाहींशा होतात, म्हणून गेलेलें कवच पुनः येत नाहीं. यासाठीं ब्रॅकेट निघावें व राळ दांतावरच राहावी, हें बरें. ती मागाहून घासून काढतां येते. दांतावर किती राळ उरली हें ० ते ३ अशा अंकांनीं नोंदण्याची रीत १९८४ मध्यें ऑर्टुन व बर्गलंड यांनीं घालून दिली. तेव्हां ब्रॅकेट चिकीस हार गेलें यांत डॉक्टरांचा दोष असेलच असें नाहीं. दांत वांचावा म्हणूनच तें बळ मापांत ठेवलेलें असतें.

यास्तव घरच्या मंडळींनीं इतकें संभाळावें. चिकी, ऊस, कडक लाडू वर्ज्य करावे. पेरू, सफरचंद बारीक फोडी करून द्यावें. जेवणानंतर दांत घासावे, नाहींतर ब्रॅकेटभोंवतीं पांढरे डाग पडतात. ब्रॅकेट सुटलें तर तार ओढूं नये. ती टोंचत असल्यास डॉक्टरांनीं दिलेलें मेण लावावें आणि त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावें. बाजारचा डिंक लावून घरीं चिकटविण्याचा प्रयोग कधींही करूं नये.

आजींनीं हें सर्व शांतपणें ऐकलें. दुसऱ्या दिवशीं काका मुलीस घेऊन नाशिकास गेले. दांतास पुनः टाकी लागली. पण सरकलेला दांत जागीं आणण्यास कांहीं महिने अधिक लागतील असें डॉक्टरांनीं सांगितलें. ते महिने चिकीनें घेतले नाहींत. ब्रॅकेट निघालें त्याच दिवशीं मुलीस तें आजींजवळ बोलतां आलें असतें, तर एका खेपेंत काम भागलें असतें. चिकटलेली वस्तु केव्हां तरी सुटावयाचीच. ती सुटल्याचें मुलांनीं निर्भयपणें सांगावें, इतका विश्वास घरांतील वडील मंडळींनीं त्यांस द्यावा, एवढेंच आमचें सांगणें.