विसार कोणाच्या हाती?

देवलांचे 'मृच्छकटिक' शिकवताना शूद्रकाच्या मूळ नाटकाचा चौथा अंक वर्गात सोबत वाचावा, असा आमचा अनेक वर्षांचा शिरस्ता आहे. या अंकाच्या आरंभी वसंतसेनेला आईचा निरोप येतो. दाराशी गाडी उभी आहे, राजाच्या मेहुण्याने दहा हजार सुवर्णांचे अलंकार पाठवले आहेत, तेव्हा तिने निघावे. आपण जिवंत राहावे असे आईला वाटत असेल तर असा निरोप पुन्हा धाडू नये, असे वसंतसेना उलट कळवते. यंदा हा प्रसंग वाचून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "तिने दागिने आधी ठेवून घेतले असते आणि मग नाही म्हटले असते, तर?" वर्गात हशा पिकला. आम्हीही हसून वेळ मारून नेली आणि पुढच्या प्रवेशाकडे वळलो.

त्या हसण्याची नंतर आम्हांला लाज वाटली. प्रश्न थट्टेचा नव्हता. आगाऊ रक्कम घेतल्यावर नकाराचा अधिकार उरतो का, आणि ठरलेली भेट मोडली तर त्या रकमेचे काय व्हावे, हा प्रश्न या व्यवसायातल्या स्त्रीपुढे शूद्रकाच्या काळी होता आणि आजही आहे. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा देशांत जी स्त्री दलालाशिवाय, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या अटींवर हा व्यवसाय करते, तिला 'इंडिपेंडंट एस्कॉर्ट' म्हणतात. ती भेट ठरवताना मोबदल्याचा काही भाग आधी मागते आणि भेट रद्द झाल्यास काय होईल हे लिहून कळवते. आपल्याकडे मंगल कार्यालयाचा मालक किंवा बँडवाला हेच करतो. आपण त्याला विसार, इसार, बयाणा म्हणतो. जुन्या मराठीत संचकार असाही शब्द होता. कार्यालयाची तारीख मोडली आणि विसार बुडाला तर आपण हळहळतो, पण मालकाला कोणी ठग म्हणत नाही. हाच व्यवहार त्या स्त्रीने केला की मात्र तो आपल्याला हास्यास्पद वाटतो. असे का होते, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

आमच्या प्राचीन शास्त्रकारांना या व्यवहारात हसण्यासारखे काही दिसले नव्हते. कौटिल्याने अर्थशास्त्रात गणिकाध्यक्षावर स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. मोबदला घेऊन नंतर विन्मुख होणाऱ्या स्त्रीला तो दुप्पट दंड सांगतो. रात्रीच्या मुक्कामाचा मोबदला घेऊन फसवणूक केली तर आठपट रक्कम भरावी लागे. मात्र ती आजारी असेल किंवा त्या पुरुषात काही दोष असेल तर हा नियम लागू नसे. याज्ञवल्क्यस्मृतीवर विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, म्हणजे आपल्याच दख्खनमध्ये, 'मिताक्षरा' ही टीका लिहिली आणि इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनी वारसाहक्कासाठी तिचा आधार घेतला. त्या स्मृतीतही वेतन घेऊन नाकारणाऱ्या वेश्येने दुप्पट परत करावे, असा नियम आहे. नारदाने दुसरी बाजूही स्पष्ट केली आहे: शुल्क देऊन जो पुरुष स्वतःच मागे फिरतो, त्याचे शुल्क बुडते.

याचा अर्थ असा की विसार, रद्द झालेली भेट, आजारपणाची सवलत, पुरुषाच्या दोषाचा अपवाद, मागे फिरणाऱ्याचे नुकसान ही सगळी कलमे आपल्या धर्मशास्त्रात आणि राजनीतीत लिहिलेली होती. पण या गोष्टीचा अभिमान बाळगण्याची घाई करू नये. त्याच अध्यायात, राजाज्ञा असताना पुरुषाकडे न जाणाऱ्या गणिकेला हजार फटके किंवा पाच हजार पणांचा दंड सांगितला आहे. जुन्या शास्त्राने तिच्या शब्दाला करार मानले, मात्र त्या कराराच्या बदल्यात तिचा नकारच दंडनीय ठरवला. व्यवहार मान्य होता, नकार मान्य नव्हता.

आधुनिक कायद्याने याच्या नेमकी उलट दिशा धरली. इंग्लंडमध्ये १८६६ साली 'पिअर्स विरुद्ध ब्रूक्स' हा खटला झाला. गाडी बनवणाऱ्या व्यावसायिकांनी एका वेश्येला हप्त्यांवर घोडागाडी दिली होती. तिने ती खराब अवस्थेत परत केली, तेव्हा करारातली रक्कम आणि भरपाई त्यांनी मागितली. गाडी कशासाठी वापरली जाणार हे त्यांना ठाऊक होते, म्हणून न्यायालयाने त्यांना काहीच मिळू दिले नाही. या निकालात ती स्त्री जिंकली असे वरवर दिसते. वस्तुतः तिच्याशी केलेला व्यवहार न्यायालयाच्या दाराबाहेरचा आहे, हे त्यातून पक्के झाले. आपल्याकडे १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २३ नुसार अनीतिमान मोबदल्याचा किंवा हेतूचा करार शून्य ठरतो. त्या कलमाखालच्या उदाहरणांत आपली मुलगी रखेल म्हणून भाड्याने देण्याच्या कराराचे उदाहरण आहे. अशा आईची मागणी न्यायालयाने फेटाळावी, याबद्दल आमचे दुमत नाही. परंतु मुलीला भाड्याने देणारी आई आणि स्वतःच्या वेळेची किंमत ठरवणारी सज्ञान स्त्री यांना कायदा एकाच अनीतीच्या रकान्यात टाकतो, तेव्हा शोषण करणारी आणि शोषणापासून वाचू पाहणारी यांतला फरकच पुसला जातो.

शून्य करार याचा व्यवहारातला अर्थ साधा आहे. पैसे ज्याच्या हाती आहेत त्याच्याच हाती ते राहतात, कारण मागायला जायचे तरी कोठे? 'ज्याच्या हाती ससा तो पारधी' ही म्हण येथे कायद्याइतकी खरी ठरते. म्हणूनच एस्कॉर्टचा विसार आणि कार्यालयाचा विसार बाहेरून सारखे दिसले तरी त्यांचे काम वेगळे आहे. कार्यालयाच्या मालकाला विसाराखेरीज दिवाणी न्यायालय आहे. त्याच करार कायद्याचे कलम ७४ करार मोडल्यास वाजवी भरपाईची सोय करते. या स्त्रीला ग्राहकाने ऐनवेळी पाठ फिरवली तर काहीच नाही. खोलीचे भाडे, प्रवासाचा खर्च, त्या वेळेसाठी नाकारलेल्या इतर भेटी हे सारे तिच्या अंगावर येते. आधी हाती घेतलेली रक्कम हेच तिचे न्यायालय असते.

या रकमेचे आणखी एक काम असते. नाव लपवणारा, गंमत म्हणून भेट ठरवणारा, वा त्याहून वाईट हेतूने येणारा माणूस आधी पैसे द्यायला सहसा तयार होत नाही. ज्या व्यवसायात अनोळखी माणसाबरोबर बंद दाराआड जावे लागते, तेथे ही चाळणी जिवाशी निगडित आहे. पण तीही सोपी नाही. कित्येक पेमेंट कंपन्यांच्या नियमांत हा व्यवहार बसत नाही, त्यामुळे खाते बंद होण्याची टांगती तलवार असते. शिवाय भामटे स्त्रियांची खोटी छायाचित्रे लावून, आगाऊ रक्कम उकळून नाहीसे होतात. त्यामुळे प्रामाणिक ग्राहकही आधी पैसे देताना बिचकतो, आणि त्याचा संशय आम्ही अस्थानी म्हणणार नाही.

म्हणूनच नियम लिहून ठेवण्याला महत्त्व आहे. जी स्त्री हा व्यवसाय नेकीने करते तिचे नियम साधारण असे असतात. पुरेशी आधी सूचना दिली तर विसार दुसऱ्या तारखेला धरला जातो. ऐनवेळी रद्द केले तर तो परत मिळत नाही. तिनेच भेट रद्द केली, मग कारण आजारपणाचे का असेना, तर सगळी रक्कम परत किंवा ग्राहकाला हवी असल्यास नवी तारीख. तो दारू पिऊन आला, ठरल्यापेक्षा वेगळे काही मागू लागला, धमकावू लागला, तर भेट तेथेच संपते आणि विसार परत होत नाही. कौटिल्याने मान्य केलेली व्याधी आणि पुरुषदोष ही दोन्ही कारणे येथे जशीच्या तशी आढळतात. बदल एकच आहे: येथे तिने नकार दिला तर फार तर पैसे परत जातात, दुप्पट दंड नाही, फटकेही नाहीत.

आता आमच्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आगाऊ रक्कम नेहमीच ढाल नसते. मुंबईच्या वा कोलकात्याच्या वेश्यावस्तीत विकून आणलेल्या मुलीच्या नावावरही आगाऊ रक्कम दिलेली असते. ती आईबापांच्या किंवा दलालाच्या हाती पडते आणि फिटेपर्यंत मुलगी कोठीच्या मालकिणीची बांधील होते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, पण उचलीच्या रूपातला हा पाश त्यानंतरही राहिला. तीच रक्कम एका हाती ढाल होते आणि दुसऱ्या हाती बेडी. फरक दोनच गोष्टींनी पडतो: रक्कम कोणाच्या हाती गेली, आणि ती गेल्यावर नाही म्हणण्याचा अधिकार उरला की नाही.

चौथा अंक या दृष्टीने पुन्हा वाचावा. शकाराचे अलंकार वसंतसेनेकडे थेट येत नाहीत, आईमार्फत येतात. विसार दुसरीने स्वीकारायचा आणि जायचे हिने. तिचा संताप केवळ चारुदत्तावरील प्रेमापोटी आहे असे आम्ही इतकी वर्षे शिकवत आलो. ते चूक नाही, पण अपुरे आहे. त्याच अंकात शर्विलक मदनिकेला दास्यातून सोडवण्यासाठी चोरीचे दागिने घेऊन येतो, आणि वसंतसेना एक पैसाही न घेता तिला मुक्त करते. जिने आपल्यावर ठेवलेली किंमत नाकारली, तीच दुसरीवर ठेवलेली किंमत सोडून देते. हे दोन प्रसंग एका अंकात यावेत हा योगायोग नसावा, असे आता आम्हांला वाटते.

व्यवहार मान्य करायचा आणि नकारही राखायचा, हे दोन्ही एकत्र साधता येते का? न्यूझीलंडने २००३ च्या कायद्याने तसा प्रयत्न केला. तेथे असा करार केवळ त्या कारणाने शून्य ठरत नाही. त्याचबरोबर, करार केला म्हणजे संमती दिली असे होत नाही आणि ती कोणत्याही क्षणी मागे घेता येते, हेही तोच कायदा सांगतो. करार पुरा झाला नाही तर पैशांचा हिशेब होऊ शकतो, शरीराची सक्ती होऊ शकत नाही. जर्मनीच्या २००२ पासूनच्या कायद्याने मोबदला मागण्याचा हक्क त्या स्त्रीला दिला, ग्राहकाला मात्र कृतीची मागणी करता येत नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये, सज्ञान आणि स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या स्त्रीला कायद्याचे समान संरक्षण आहे आणि पोलिसांनी तिला त्रास देऊ नये, असे निर्देश दिले. तिच्या प्रतिष्ठेची दखल घेणारे हे पाऊल मोठे आहे. पण कलम २३ जेथे होते तेथेच आहे.

आमच्या काही सहकाऱ्यांचा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. विसाराचे नियम चर्चेला घेणे म्हणजे या व्यवसायाला प्रतिष्ठा देणे, आणि पैशाने घेतलेली संमती खरी कशी मानावी, असे ते विचारतील. दुसरा प्रश्न गंभीर आहे आणि त्याचे संपूर्ण उत्तर आमच्यापाशी नाही. गरिबीने दिलेला होकार आणि मनाने दिलेला होकार यांतली रेषा बाहेरून आखता येत नाही. तथापि होकाराबद्दल ज्याला शंका आहे, त्याने नकाराची सोय अधिक काळजीने केली पाहिजे. ज्या स्त्रीला भेट रद्द करता येते, पैसे परत देऊन मोकळे होता येते, वाईट वागणाऱ्याला दाराबाहेर काढूनही त्या दिवसाचे भाडे भरता येते, तिचा होकार इतरांच्या मानाने अधिक खरा आहे. व्यवसायाबद्दल मत काहीही असो, तिच्या विसाराला नाकारून तिचा नकार बळकट होत नाही.

त्या विद्यार्थिनीला आम्ही पुढच्या तासाला उत्तर दिले. दागिने घेऊन वसंतसेनेने नंतर नाही म्हटले असते, तर जुन्या शास्त्राप्रमाणे तिला दुप्पट भरावे लागले असते. आजच्या कायद्याने तो व्यवहार अस्तित्वातच नाही असे म्हटले असते. आणि आमच्या मते, दागिने परत करून तिला मोकळे होता आले पाहिजे. या वेळी वर्गात कोणी हसले नाही. मागून एवढेच विचारले गेले, की दागिने तर आईकडे होते, मग परत कोणी करायचे? प्रश्न अर्थातच बरोबर होता.