गोल्फची पिशवी आणि गोल्फची खुर्ची

गोल्फ हा बड्यांचा खेळ, त्याच्याशी आपल्याला काय करायचे, असे म्हणून आपला कार्यकर्ता पान उलटतो. आम्हाला हे मान्य नाही. ज्या धंद्यात शंभर-दीडशे एकर जमीन, पाणी आणि माणसांचे श्रम लागतात, तिथे रोजगार कोणाला आणि कोणत्या दर्जाचा मिळतो, हा प्रश्न चळवळीचाच आहे.

या धंद्यात संधी आहेत. हिरवळीची निगा, माती-पाण्याची तपासणी, ठिबक व तुषार सिंचन, कीडनियंत्रण ही कृषी पदवीधराची कामे आहेत. राहुरी, अकोला, परभणी, दापोलीहून बाहेर पडणारी आपली मुले स्पर्धा परीक्षेच्या रांगेत वर्षे घालवतात. या कामाचे नावही त्यांना कोणी सांगत नाही. शिवाय प्रशिक्षक, स्पर्धांचे व्यवस्थापन, हिशेब, यंत्रदुरुस्ती आहेच. इंडियन गोल्फ युनियनच्या छत्राखालील राष्ट्रीय अकादमी प्रशिक्षकांना प्रमाणपत्र देते. २०१६ पासून गोल्फ पुन्हा ऑलिम्पिकमध्ये आला आणि २०२१ मध्ये टोकियोत अदिती अशोक चौथी आली. तेव्हा हा खेळ आता केवळ निवृत्त साहेबांचा राहिलेला नाही.

पण या धंद्याला दोन दारे आहेत. एक खुर्चीचे, दुसरे पिशवीचे. गरिबाचे पोर पिशवीच्या दाराने आत जाते. त्याला कॅडी म्हणतात. खेळाडूची जड पिशवी वाहायची, चेंडू शोधायचा, फेरीमागे पैसे घ्यायचे. खेळ झाला नाही तर मजुरी नाही. यातूनही माणसे वर आली. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली. बाबासाहेबांच्या जन्मगावाचे, महूचे मुकेश कुमार २०१६ मध्ये वयाच्या ५१ व्या वर्षी पॅनासोनिक ओपनचे विजेते ठरले. त्यांचा आम्हाला अभिमान आहे. परंतु एक अली शेर दाखवून हजारो कॅडींच्या भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न झाकता येणार नाही.

कायदा काय म्हणतो? १९६७ मध्ये मद्रास जिमखाना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदांचा क्लब हा उद्योगच नाही असे ठरवले. १९७८ मध्ये बंगलोर वॉटर सप्लाय खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ती भूमिका मोडीत काढली. पण क्लब उद्योग ठरला म्हणून कॅडी कामगार ठरत नाही. हाँगकाँगच्या एका कॅडीच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने १९९७ मध्ये बहुमताने म्हटले की तो क्लबचा नोकर नाही. लॉर्ड हॉफमन यांनी भिन्न मत नोंदवले. तो निकाल आपल्या न्यायालयांना बांधील नाही; मात्र तोच युक्तिवाद इथल्या कोणत्याही क्लबच्या वकिलाला सुचेल. त्याला उत्तर पुराव्याने द्यावे लागते. पाळी कोण लावतो? दर कोण ठरवतो? गणवेश कोणाचा? कामावरून कोण काढतो? म्हणून कॅडींनी ओळखपत्र, हजेरीची नोंद, दरपत्रक जपून ठेवावे, ई-श्रमवर नोंदणी करावी आणि संघटना बांधावी.

दुसरा प्रश्न प्रतिष्ठेचा. २०१७ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबमध्ये पाहुणी म्हणून आलेल्या एका खासी महिलेला तिच्या पारंपरिक पोशाखामुळे मोलकरीण समजून जेवणाच्या टेबलावरून उठवले गेले. त्या क्लबची जमीन सरकारी भाडेपट्ट्याची! जमीन जनतेची आणि उंबरठा मूठभरांचा, हा कुठला न्याय?

घटनेच्या कलम १६(४) चे आरक्षण सरकारी सेवेपुरते आहे. खाजगी क्लब आणि कंत्राटी भरती त्यातून निसटतात. म्हणून मागणी नेमकी हवी. जिथे जमीन सरकारची किंवा सिडकोसारख्या महामंडळाची आहे, जसे खारघरचे मैदान, तिथे भाडेपट्ट्यात व कंत्राटातच अट घाला: व्यवस्थापनाच्या आणि तांत्रिक जागांत अनुसूचित जाती-जमातींना वाटा, कॅडींना लेखी करार, आणि त्यांच्या मुलांना सरावाचा हक्क.

आपल्या मुलांनी गोल्फच्या मैदानावर जरूर जावे. पिशवी उचलणे हे कमीपणाचे काम नाही. पण पिढ्यान्पिढ्या तेच एक दार उघडे राहणे ही गुलामगिरी आहे. खुर्चीच्या दारावर थाप पदवीनेही मारायची आहे आणि कायद्यानेही.